कुळथाच्या मुळावरच्या गाठी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या पायांना शेतातली माती तशीच होती. भात कापून झालं होतं, ओल आटायच्या आत कुळीथ पेरायला हवा होता, म्हणून सकाळी एक शेत नांगरूनच ते आले होते. मी पीएचडीसाठी जर्मनीला निघाले होते. मुंबईची गाडी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिथं नक्की काय करणार गो?"

"कडधान्यांचा अभ्यास."

त्यांनी माझी बॅग गाडीत चढवून दिली. कडधान्य तर आमच्या दाराशीच होतं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, असं त्यांना वाटलं असणार.

तिकडे मला मेथीच्या जातकुळीतलं एक रानटी झुडूप अभ्यासाला मिळालं. कडधान्यांसारख्याच अशा झाडांच्या मुळांवर गाठी येतात. त्यांत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. त्यांना घरात घ्यायचं हे झाडाला कसं कळतं, हा आमचा प्रश्न. जीन एडिटिंगने आम्ही झाडाचं एकच जनुक नेमक्या जागी कापून बंद पाडायचो आणि काय बिघडतं ते बघायचो. माझ्या झाडांना गाठी यायच्या, पण आतून पांढऱ्या, रिकाम्या. झाडं पिवळी पडायची. नेमकं जनुक सापडलं म्हणून लॅबमध्ये सगळे खूश व्हायचे आणि मी त्या पिवळ्या पानांकडे बघत राहायचे.

दर रविवारी घरी फोन. धाकटा भाऊ जयगडच्या बंदरावर कामाला लागला, तेव्हापासून पऱ्ह्याकडचं, म्हणजे ओढ्याकाठचं, शेत पडीक होतं. एकदा बाबांनी विचारलं, "तुझं बी त्या शेतात चालेल काय?"

मी सांगितलं, ते बी काचघराबाहेर नेता येत नाही, तसा कायदाच आहे. प्रयोग संपला की सगळं वाफेच्या यंत्रात घालून मारायचं आणि मग जाळायला द्यायचं.

बाबा म्हणाले, "बी कोण जाळतं काय गो?"

पुढचे तीन रविवार फोन आईनेच घेतला. बाबा गोठ्यात आहेत, म्हणायची. घर सोडून गेलेल्यांना हे ठाऊक असेल: भांडण झालं तर मिटवता येतं, पण आपलं काम घरच्यांना पापासारखं वाटलं तर काय मिटवायचं?

पौषात सुट्टी काढून मी घरी गेले. कुळीथ फुलावर होता. मी बाबांना शेतात नेलं, एक रोप हलक्या हाताने उपटलं, मुळं धुतली आणि एक गाठ नखाने फोडली. आत लालसर होतं.

बाबा उकिडवे बसले. "हा तर रोग," ते म्हणाले. "दरवर्षी बघतो मी."

"रोग नाही, बाबा. या गाठी हवेतलं खत झाडाला देतात, म्हणून तर कुळथानंतर भात चांगलं येतं."

"ते ठाऊक आहे. कशामुळं, ते ठाऊक नव्हतं." त्यांनी स्वतः दुसरी गाठ फोडली, मग तिसरी. "आणि तुझ्या झाडांत हे लाल नसतं?"

"नसतं. मी ते बंद करते. कशाने बंद पडतं हे कळलं, तर कशाने चालतं तेही कळेल. कधीतरी भातालाही हवेतलं खत घ्यायला शिकवता येईल, असं आम्हाला वाटतं."

"म्हणजे झाड मुद्दाम उपाशी ठेवतेस."

"हो."

त्यांनी हातातलं रोप बांधावर ठेवलं. मग म्हणाले, "मग ते बी जाळलेलंच बरं. उपाशी झाडाचं बी पुढं पेरू नये." त्यांनी ते कायद्याने नाही, स्वतःच्या हिशेबाने मान्य केलं. मी तेव्हा रडले नाही, पण परतीच्या विमानात रडले.

आता माझ्याकडे जर्मनीतल्या खोलीची चावी आहे, इथला पत्ता आहे, ट्रामची वेळ न बघता कळते. तरीही माझं काम ज्याला पटल्याशिवाय मला चैन पडत नाही तो माणूस जिथे आहे, त्या जागेलाच मी घर म्हणते. परवा माझा संशोधनाचा पेपर छापायला स्वीकारला गेला. बॉसला कळवायच्या आधी मी बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "थांब, आधी माझं ऐक. पऱ्ह्याकडच्या शेतात यंदा कुळीथ टाकलाय." मग ते किती उगवला हे सांगत राहिले, आणि मी माझी बातमी तशीच धरून ऐकत राहिले.