बुडबुडा येईपर्यंत

काशीत सारा जन्म काढून "खरं पाणी दगडात असतं, नदीतलं नुसतं येऊन-जाऊन असतं" असं ब्रह्मा घाटावर उभं राहून, तेही आंघोळीला आलेल्या वैदिकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. ते कॉलेजात भूविज्ञान शिकवत आणि सुट्टी लागली की बिहारातल्या अभ्रकाच्या खाणींवरून पोतंभर स्फटिक घेऊन येत. आत्याच्या गव्हाच्या डब्यात गहू कमी, स्फटिक जास्त. पाहुण्याला चहाच्या आधी व्याख्यान मिळे. "खडकाचा तप्त रस थिजत आला, की शेवटी पाणी मुरलेला थोडा रस उरतो. त्यातून हे वाढतात. वाढता वाढता एखादा थेंब पोटात कोंडतात. निवताना थेंब आकसतो आणि आत बुडबुडा होतो. आता उलटं करा, तापवा! ज्या तापमानाला बुडबुडा नाहीसा होईल, निदान तेवढ्या आचेत हा जन्मला."

त्यांच्या मुलीला, मालूला, बघायला जबलपूरची मंडळी आली तेव्हा आत्याने बजावलं होतं, "आज दगडाचं नाव काढायचं नाही." त्यांनी ते पाळलंही, मुलाच्या वडिलांच्या अंगठीत निळसर हिरवा खडा दिसेपर्यंत. भिंग खिशातच होतं.

"अहो, ह्यात बुडबुडा आहे!"

वडील पांढरे पडले. "म्हणजे नकली?"

"नकलीत असं पाणी कुठलं! तापवू या?"

खडा फुटू शकतो हे ऐकूनही ते गृहस्थ तयार कसे झाले, मला आजवर कळलेलं नाही. खडा कोंदणातून निघाला आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या चिमुकल्या शेगडीवर चढला. पोहे गार झाले. मुलीकडे कुणी पाहिलंच नाही. दोघे वडील आळीपाळीने बुडबुडा बघत होते. तो लहान होत गेला, थरथरला.

"अरे, गया!" जबलपूरकर ओरडले.

पुढे खडा निवला, पण बुडबुडा परत येईना.

"कधी कधी वेळ लावतो," आतोबा म्हणाले.

पाहुण्यांनी मांडी ठोकली. "माझा बुडबुडा आल्याशिवाय मी उठणार नाही!"

आत्या स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुपारची संध्याकाळ झाली. कंटाळून मालू आणि तो मुलगा घाटावर फिरायला गेले आणि हसत परतले. बुडबुडा त्यानंतर सावकाश आला. तोवर लग्न ठरलं होतं.

लग्नानंतर आम्ही मालूला स्टेशनवर पोचवायला गेलो. ती डब्यात चढल्यावर आतोबांनी माझं कोपर धरलं.

"पोचली की एसटीडी बूथवरून फोन करेल ना रे ती?"

"करेल की, आतोबा."

"लगेच करेल?"

गाडी अजून प्लॅटफॉर्मवरच उभी होती. मालू खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.