कुंकू लावलेले उंदीर

त्या काळी सोलापुरात उंदीर इतके माजले होते की समोरून उंदीर आला की मांजरच बाजूला होऊन वाट द्यायचं. कणगीतल्या एका उंदराने आपल्याला ‘सरक’ म्हटलं, असं माझी आई शपथेवर सांगायची. ती कुंकू बनवणाऱ्या केम गावची. तिची शपथ खोटी ठरवायची कुणाची छाती नव्हती.

असल्या गावात विद्यापीठातून एक प्रोफेसर आले. शाळेमागची कापसाची रिकामी वखार त्यांनी घेतली, टेबलं मांडली, सूक्ष्मदर्शक लावला. म्हणाले, “प्लेग उंदरातून माणसात कसा येतो, हे प्लेगच्या गावातच शिकायला हवं. आणि ते इथल्याच माणसांनी शिकायला हवं. दर वेळी बाहेरच्या साहेबांपुढे हात किती दिवस पसरायचा?” मी शाळेत सायन्स शिकवायचो, म्हणून पहिला ‘इथला माणूस’ मी. उंदीर चिरायला शिकलो. गाठ ओळखायला शिकलो. मेल्या उंदराच्या केसांतून फणी फिरवून पिसवा पांढऱ्या थाळीत पाडायला शिकलो.

गावाचा आमच्यावर संशय. दाढी करता करता न्हावी विचारायचा, “मास्तर, खरं सांगा की. उंदरं पाळता आन् रात्री सोडता व्हय?” वस्तरा गळ्यावर असताना असल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? मला मात्र प्रोफेसरांचाच संशय यायचा. जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असं माझं ठाम मत होतं.

गल्लीत उंदीर मरून पडू लागले की नगरपालिका ती गल्ली रिकामी करायची. बायकापोरांसकट माळावरच्या झोपड्यांत जायचं. म्हणून लोक काय करत? आपल्याकडे पडलेला उंदीर उजाडायच्या आत शेजारच्या गल्लीत नेऊन टाकत. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीत उंदीर सापडायला लागले. घरात बायकोचे दिवस भरत आलेले. माळावरचा वारा असा की शेळ्यासुद्धा घोंगडी मागायच्या; तिथे तट्ट्याच्या झोपडीत बाळंतपण कसं करायचं?

मी आमच्या गल्लीतले उंदीर विंचरले. एकही पिसू नाही!

प्रोफेसर म्हणाले, “उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि मेला तिथेच राहतात. हे उंदीर दुसरीकडे मेलेत, मग तुमच्याकडे टाकलेत.”

“मी म्हणतच होतो!” मी ओरडलो. “पलीकडच्या विणकरांच्या गल्लीचं काम!”

“मग हे बघा, मास्तर.” त्यांनी एका डब्याचं झाकण काढलं. आत विणकरांच्या गल्लीत सापडलेले उंदीर होते. त्यांच्यातही पिसवा नव्हत्या. पण प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू.

“करणी!” मी एक पाऊल मागे सरलो.

“करणी असो नाहीतर आणखी काही. हे ज्या घरात मेले, त्या घरात यांच्या पिसवा भुकेल्या बसल्यात. ते घर शोधा.”

त्या दिवसापासून मी गावातल्या एकूण एक कपाळाकडे संशयानं बघू लागलो. तेलीण कुंकू जरा जास्त लावते का? विणकरांची म्हातारी मला बघून दार का लावते?

एका पहाटे जाग आली. कणगीशेजारी आई उकिडवी बसलेली. पुढ्यात जुन्या लुगड्याच्या चिंधीवर उंदीर. ती करंड्यातून बोटानं कुंकू घेत होती.

“आई!”

“वरडतोस कशाला? गणपतीचं वाहन हाय. तसंच फेकू व्हय उकिरड्यावर टाकल्यावानी?”

“विणकरांच्या गल्लीत तू टाकतेस?”

“मग काय दारात ठेवू? गल्ली खाली करत्याल की! सुनंला माळावर न्हेऊ? लेका, तुजी विद्या माज्या नातवापेक्षा मोटी न्हाय.”

मी उंदराला हात लावला. गार पडला होता. कणगीपासून हातभर अंतरावर बायकोचं अंथरूण.

मी गोधडीकडे बोट दाखवलं. “आई, याच्या पिसवा आता हिच्या गोधडीत आहेत.”

आईनं गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपला लेक थापाड्या, हे तिला पक्कं ठाऊक. पण कुंकवाच्या बोटानंच ती गोधडीचा कोपरा उलटून बघू लागली.

बायको कधीची जागी होती. कमरेवर हात टेकत उठली. “सासूबाई, कुंकू नंतर लावा. आधी माळावर जायला गाडी बोलवा. आणि अहो, तुम्ही तो उंदीर घेऊन जा तुमच्या प्रोफेसरांकडे. या घरातला आहे, असं स्पष्ट सांगा.”

मी सांगितलं. उंदरात प्लेग निघाला. गल्ली रिकामी झाली. शेजाऱ्यांनी मला ज्या शिव्या दिल्या, त्या विद्यापीठातसुद्धा शिकवत नाहीत. आमच्या घरातले उंदीर तिथं पडलेले, म्हणून विणकरांच्या गल्लीलाही घरं सोडायचा निरोप गेला. तीही माळावर आली. आणि दार लावणाऱ्या त्याच म्हातारीनं, तेलुगूत आम्हाला शिव्या घालत, माझ्या बायकोचं बाळंतपण केलं.

मुलगी झाली. रडली अशी की जेऊरच्या स्टेशनात गाडी थांबली असेल.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर बघायला आले. आई झोपडीच्या दारात आडवी उभी राहिली. त्यांच्या खिशातून उंदीर विंचरायची फणी डोकावत होती.

“सायेब, हात कोपरापतुर धुवा,” ती म्हणाली, “आन् ती फणी भायेर ठेवा. हितं कुणाला इंचरायचं न्हाय.”

प्रोफेसरांनी मुकाट्यानं हात धुतले. तोवर आईनं आत जाऊन बाळाची गोधडी पुन्हा एकदा झटकली, आणि उजेडात धरून डोळे बारीक करून पाहिली.