बाईंनी हिरवं केलेलं गाव

“गिरणी चालू झाली का, गिरणी?”

फोन कानाला, चष्मा कपाळावर, आणि पलीकडचा माणूस ओरडत असेल तर त्याच्याहून वरच्या पट्टीत हा एकच प्रश्न. खराडीतल्या आमच्या काचेच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही मेसेज पाठवायची पद्धत आहे. तिथे बाईंचा आवाज थेट कॅन्टीनपर्यंत जायचा. नवीन मुलं दचकायची. मग कोणीतरी त्यांना सांगायचं, कुठेतरी वादळ झालंय, बाईंचं काम चाललंय.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं.

वादळ झालं की खांब पडतात, तारा तुटतात. कुठल्या गावाची वीज गेली आणि कुठल्या गावाची परत आली, हे आम्ही उपग्रहाच्या चित्रांवरून शोधतो. उपग्रह मध्यरात्रीनंतर डोक्यावरून जातो आणि सकाळी त्याने टिपलेलं चित्र आमच्या पडद्यावर येतं. वादळाआधी उजेड होता आणि आता अंधार आहे, असं गाव नकाशावर लाल. उजेड परतला की हिरवं. हा नकाशा बघून दुरुस्तीची पथकं आणि मदतीच्या गाड्या कुठे धाडायच्या ते ठरतं. गाव एकदा हिरवं झालं की तिकडे कोणी फिरकत नाही.

बाईंची सगळी नोकरी वीज गेल्याच्या तक्रारी फोनवर ऐकण्यात गेली होती. निवृत्तीनंतर आमच्या साहेबांनी त्यांना पडताळणीसाठी बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना मॅडम म्हणालं. “मॅडम म्हटलं की मला वाटतं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे,” त्या म्हणाल्या. “बाई म्हणा.” तेव्हापासून साहेबांसकट सगळ्यांच्या त्या बाई.

चित्रात उजेड दिसला म्हणून बाई गाव हिरवं करू देत नसत. “दिवे काय, बॅटरीवरही लागतात. पीठ पडतंय का ते विचारावं.” पिठाची गिरणी इन्व्हर्टरवर चालत नाही, तिला पुरी वीज लागते, हा त्यांचा हिशेब. गावोगावच्या गिरणीवाल्यांचे नंबर त्यांनी जमवले होते. पलीकडून “न्हाय ओ बाई, अजून बंदच हाय,” असं आलं की ते गाव लालच राहायचं, चित्रात दिवाळी दिसत असली तरी.

साहेब एकदा वैतागून म्हणाले, “बाई, अहो, आपल्याकडे सॅटेलाइट आहे.”

“असू दे ना. त्याला कुठे दळण आणायचंय?”

मी तेव्हा मोठ्याने हसलो होतो, पण मनातून मला रागच यायचा. चित्रातून उजेड ओळखणारा प्रोग्रॅम माझा होता. मी महिनोन् महिने घासून तो तयार करायचा आणि या बाईंनी गिरणीवाल्याच्या एका नकारावर तो मोडीत काढायचा, हे मला झोंबायचं. आणि सांगायला लाज वाटते, पण दहातल्या नऊ वेळा गिरणीवालाच बरोबर निघायचा.

मांजरीच्या एका नव्या सोसायटीत बाई एकट्या राहत. नात्याचं म्हणावं असं एकच माणूस, त्यांचे दादा. आठ-नऊ वर्षांनी मोठे, कोकणात खाडीकाठच्या घरी एकटेच. पुण्याला या म्हटलं की ते म्हणत, “तुमच्याकडे पाणी बाटलीत मिळतं, मला विहिरीचं लागतं.” हे बाई आम्हाला त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगायच्या.

मग एका वर्षी वादळ नेमकं तिथेच धडकलं.

दादांचा फोन बंद, शेजाऱ्यांचा बंद, तिथल्या गिरणीवाल्याचाही बंद. रोज सकाळी बाई पर्स खांद्यावरून न काढताच माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत. “दाखवा.” मी गाव मोठं करून दाखवायचो. काळं. दुसऱ्या दिवशी काळं. मग दोन दिवस नुसते ढग. शेवटी रस्ता सुरू झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी शुक्रवारच्या एसटीचं तिकीट काढलं. दादांसाठी औषधं, मेणबत्त्या, लाडू अशी पिशवीही भरली.

गुरुवारी सकाळी गावावर उजेड होता.

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “आली,” त्या म्हणाल्या. “आली हो लाईट. करा हिरवं.”

“बाई, गिरणीवाल्याला...”

“लागत नाहीये त्याचा. दिसतंय ना डोळ्यांना?”

मला आणखीही एक गोष्ट दिसत होती. आमच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा चांगला अर्ध्या किलोमीटरचा चौकोन. खाडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं त्यात सहज मिसळतं. त्या दिवशीचा उजेड जरासा पलीकडे झुकलेला होता. मी ते सांगणार होतो. पण मागे वळून पाहिलं तर बाई पदराने डोळे पुसत होत्या. शिवाय बाईंनी पहिल्यांदाच माझ्या चित्रावर विश्वास ठेवला होता, त्याचंही मला बरं वाटलं. मी गाव हिरवं केलं.

बाईंनी तिकीट रद्द केलं. “लाईट आली म्हणजे पंप चालू, पंप चालू म्हणजे पाणी आलं. मी तिथे जाऊन काय करणार? अजून किती गावं बाकी आहेत.” आणि त्या फोनला बसल्या. लाडू त्या दिवशी आम्ही खाल्ले.

उजेड पलीकडच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचा होता. त्यांनी मोठा जनरेटर लावला होता. अलीकडे, दादांच्या गावात, अंधारच होता आणि पंप बंद होता. शनिवारी दुपारी दादा दोर-बादली घेऊन विहिरीवर गेले आणि शेवाळावरून घसरून पडले. संध्याकाळी शेजारी आले तेव्हा सगळं संपलं होतं.

पंधरवड्याने बाई ऑफिसात आल्या. कामावर नाही, सांगायला आल्या होत्या की आता जमणार नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं.

“शुक्रवारची गाडी शनिवारी सकाळी पोचते,” त्या म्हणाल्या. “पाणी मीच काढलं असतं.”

मी टेबलावरची पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

“जन्मभर लोकांना सांगत आले, विचारल्याशिवाय मानू नका म्हणून. आणि स्वतःच्या भावाच्या वेळी...” त्या थांबल्या. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, “एक विचारू? तुम्हाला या कामातलं जास्त कळतं. त्या दिवशी चित्र बघताना तुम्हाला काही शंका आली होती का?”

“नाही, बाई,” मी म्हणालो.

“मग ठीक आहे.” त्यांनी मान हलवली. “म्हणजे चूक माझ्या एकटीचीच.”

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. लिफ्ट यायला बराच वेळ लागला. आम्ही दोघंच तिथे उभे होतो.