माझ्या संगणकाचा हजेरीपट

निवृत्तीनंतर माणसाजवळ किस्से साठतात. माझ्याजवळचे ताजे किस्से मात्र रागाने साठवलेले आहेत, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

दिवाळीनंतर माझा संगणक रखडू लागला. मी तक्रार करण्याआधीच मुलाचा, निखिलचा, बंगळुरूहून फोन आला. "आई, तुला आता हे झेपत नाही. टॅब पाठवतो, फोटो बघत बस." माझी रोजनिशी त्या संगणकात आहे. छत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने फोटो पाहत बसायचे?

*

कॉलेज रोडवरून दुरुस्तीवाला आला. खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाला, "मॅडम, मेमरी फुल आहे. मशीन बदला."

"कशाने भरली आहे, ते दाखवा."

"ते असं बघत नाहीत, मॅडम."

उत्तरपत्रिका न पाहता मी आजवर कोणालाही नापास केलेले नाही. त्याला मी चहाही विचारला नाही.

*

वरच्या मजल्यावरचे जाधवसाहेब एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्रॅम चालू आहे आणि त्याने किती मेमरी अडवली आहे, याची यादीच समोर आली. "बाई, लोड कोण खातंय ते आधी बघायचं. नवा बॉयलर मागायचा तो नंतर."

म्हणजे हजेरीपट होता, आणि मला कोणी सांगितले नव्हते! दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहाच्या ठोक्याला मी वहीत हजेरी घेऊ लागले.

*

एकच ब्राउझर यादीत सतरा वेळा हजर. खोटी हजेरी लावणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही इतके धाडस नव्हते. प्रिंटर चांदवडच्या भाचीला देऊन दोन वर्षे झाली. त्याचा प्रोग्रॅम मात्र अजून माझ्याकडेच जेवत होता. दोघांनाही हाकलले.

*

रागाच्या भरात एकदा माझीही चूक झाली. 'एक्सप्लोरर' नावाचा प्रोग्रॅम चौकशी न करता बंद केला आणि पडद्यावरची सगळी चित्रे नाहीशी झाली. जाधवसाहेब खाली आले. "बाई, तुम्ही शिपायालाच सस्पेंड केलंत. आता घंटा कोण देणार?"

त्यांनी त्याला पुन्हा कामावर रुजू करून घेतले. तेव्हापासून चौकशीशिवाय मी कोणालाही काढत नाही.

*

एक अनोळखी नाव रोज पहिल्या क्रमांकावर असे. सर्वांत जास्त मेमरी त्याचीच. जाधवसाहेबांनी शोधून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "दुसऱ्या गावात बसून तुमचा पडदा बघायचा प्रोग्रॅम आहे हा. कुणी बसवला?"

दिवाळीत निखिल "जरा साफ करून देतो" म्हणून तासभर संगणकापाशी बसला होता.

मी 'एंड टास्क' दाबले. रोजनिशीचे पान क्षणात उघडले. पाच मिनिटांत फोन वाजला.

"आई, बंद पडला ना शेवटी? तरी सांगत होतो, टॅब घे."

"संगणक उत्तम चालू आहे, निखिल. तू वर्गाबाहेर उभा आहेस."