लाखेचा कण

एका बंद पडलेल्या मोबाईलपुढे मी चक्क हात जोडले होते. निवृत्त झालो, तरी ती दुपार डोक्यातून जात नाही.

वारज्यातल्या एका फ्लॅटमधून दागिन्यांचा डबा गेला होता. नवं कपाट बसवायला आलेला सुतार जड पिशवी घेऊन घाईने गेला, अशी खबर शेजाऱ्याने फोनवर दिली. पिशवीत रंधा आणि पटाशी ही त्याची हत्यारंच निघाली, तरी आम्ही त्याला अटक केली. तीन दिवस चौकशी झाली. गड्याचं एकच पालुपद, "साहेब, काम संपलं की मी व्हिडिओ काढतो. मोबाईल बघा."

बघणार कसा? अटकेच्या वेळी मोबाईलमध्ये अपडेट चालू होतं, आणि मीच तो तसाच बंद करायला लावला. तेव्हापासून पडद्यावर नुसतं कंपनीचं चिन्ह. संगणकाला जोडला तर तो ओळखही दाखवेना. चार केबल बदलून झाल्या. प्रयोगशाळेच्या उत्तराला महिने लागतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी तुरुंगात होणार होती.

बुधवार पेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंना ठाण्यात बोलावलं. दोन पंच बसवले. बाईंनी भिंगातून चार्जिंगचं भोक पाहिलं आणि सुईने एक लाल कण बाहेर काढला. जप्त वस्तू कापडात गुंडाळून वर गरम लाख ओतायची आमची पद्धत. ती आत झिरपली होती.

"सील पुडक्याला करतात साहेब, मोबाईलच्या तोंडाला नाही."

हवालदार खाली बघू लागले. बाईंनी केबल लावून बटणं दाबून धरली. संगणक टुंग वाजला. रिकव्हरी मोडमध्ये दोन पर्याय आले. मी अधीर होऊन 'रिस्टोअर'वर बोट ठेवलं.

"अहो, थांबा. ते दाबलंत तर सगळं पुसलं जाईल. 'अपडेट' करू, म्हणजे आतलं आत राहील."

अपडेटची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सुतार भिंतीला टेकून बघत होता. तेव्हाच माझे हात जोडले गेले. मोबाईल सुरू झाला, सुताराने पासकोड सांगितला.

व्हिडिओत त्याचाच आवाज होता, "दादा, लॉक नीट लागतंय ना?" घरमालकाचा मुलगा डबा कपाटात ठेवतो, कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो. कुलूप तर फुटलेलं नव्हतं; मी मुलाला ठाण्यात बोलावलं. संध्याकाळी मुलाने कबुली दिली.

माणसाच्या डोळ्यांत बघून खरंखोटं ओळखतो, असा माझा सगळ्या नोकरीभर तोरा होता. सुताराला सोडताना मी म्हणालो, "मोबाईलने वाचवलं बघ तुला."

तो पिशवी उचलत म्हणाला, "त्याचं तुम्ही ऐकलंत साहेब. मी तर तीन दिवस तेच सांगत होतो."