पंपवाले आजोबा आणि आमचं मंडळ

अमेरिकेत रेडमंडला आमच्या शेजारी एक डच बाई राहायच्या. माझा नवरा ज्या सॉफ्टवेअर कंपनीत होता तिथेच त्याही होत्या. दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्यांची आई गेली, तेव्हापासून हिवाळा आला की त्या वडिलांना नेदरलँड्सहून आपल्याकडे आणत. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. दुपारी अख्खी गल्ली ओस पडायची. उरायचो आम्ही दोघं, मी आणि ते ऐंशीकडे झुकलेले उंच, ताठ आजोबा. एक दिवस आमच्या ड्राइव्हवेशी थांबून ते म्हणाले, "माझ्याबरोबर चालायला याल का? एकटा चाललो की मला माझीच जुनी भाषणं ऐकू येतात."

"कसली भाषणं?" मी विचारलं.

"पार्लमेंटमधली. फारशी चांगली नव्हती."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरं होतं. पावसाची भुरभुर चालू असताना, टोप्या घालून आम्ही तळ्याभोवती फिरायचो आणि त्यांची गोष्ट पुढे सरकायची. त्यांच्या वडिलांचा शेतातलं पाणी उपसायच्या पंपांचा लहानसा कारखाना होता. तो पुढे दोघा भावांनी मिळून वाढवला. थोरला भाऊ यंत्रं बघायचा, हे गिऱ्हाइकं. कारखान्यापुढचा रस्ता कोणी दुरुस्त करेना म्हणून हे गावच्या कौन्सिलवर निवडून गेले आणि तिथून जे अडकले ते अडकलेच. पार्लमेंट, मग काही वर्षं मंत्रिपद, मग सणसणीत पराभव, पुन्हा कारखाना, पुन्हा निवडणूक. मंत्रिपद गेलं त्या सोमवारी ते सायकलवरून कारखान्यात गेले, तर शिपायाने विचारलं, "साहेब, आता रोज येणार का? म्हणजे कॉफी जास्त टाकायला."

त्यांच्या सगळ्या गोष्टींत मला भावाची गोष्ट फार आवडायची. कारखान्यांनी घाण पाणी कालव्यात सोडू नये असा कायदा आला होता. तो मंजूर झाला तर त्यांच्याच कारखान्याला मोठा खर्च होता. यांनी कायद्याच्या बाजूने मत दिलं. थोरल्या भावाने बोलणं टाकलं. पण दर रविवारी दोघांना आईकडे जेवायला जावंच लागे आणि आई त्यांना मुद्दाम समोरासमोर बसवायची.

"मग? कोण आधी बोललं?"

"तोच. म्हणाला, मीठ दे. मी दिलं. पुढच्या वर्षी त्याने घाण पाण्यासाठी वेगळा पंप तयार केला आणि सगळ्या देशाला विकला. वर मलाच म्हणायचा, बरं झालं मी तुला तो कायदा करायला लावला."

मी त्यांना आजोबा म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर त्यांना तो शब्द इतका आवडला की मुलीलाही फोनवर "आजोबा बोलतोय" असं सांगायचे.

त्याच सुमारास आमचं मराठी मंडळ फुटायला आलं होतं. मी सेक्रेटरी, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोन मलाच. अध्यक्ष होते ते काका फार वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले. त्यांना दिवाळीला नाट्यसंगीताची मैफल हवी होती. नव्याने आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना डान्स आणि ऑर्केस्ट्रा. त्या गटाचा म्होरक्या नागपूरचा, माझ्याच गावचा, म्हणून काका माझ्याकडे संशयाने बघायचे. नवरा काकांसारखाच पुण्याचा, म्हणून पोरंही संशयाने बघायची. शेवटी पोरांनी कळवलं, आम्ही वेगळं मंडळ काढतो.

मी हे फिरताना आजोबांना सांगितलं. ते चालायचे थांबले. त्यांचे डोळे चमकायला लागले.

"आमच्या देशात कुठल्याच पक्षाला कधी बहुमत मिळत नाही," ते म्हणाले. "महिनोन् महिने टेबलाशी बसून सरकार बनवायचं, हेच आमचं राजकारण. दोघांना घरी बोलवा. स्वयंपाक काय कराल?"

"मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी."

"उत्तम. वास येऊ द्या. पण करार होईपर्यंत वाढू नका. तोवर फक्त कॉफी आणि एकेक बिस्किट."

"आजोबा, मराठी घरात पाहुण्याला एक बिस्किट देणं म्हणजे अपमान."

"म्हणूनच करार लवकर होईल."

रविवारी दुपारी काका आले, नागपूरचा मुलगा आला. आजोबा मताचा अधिकार नसलेले पाहुणे म्हणून कोपऱ्यात बसले. मी जीव मुठीत धरून एकेक बिस्किट ठेवलं. काका बशीकडे बघतच राहिले. नवरा मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "यार, हे काय चाललंय? काका काय म्हणतील?"

पहिला बराच वेळ दोघांनी आपापली भाषणं केली. मग भाताच्या कुकरची वाफ बाहेर आली. आजोबांनी मान वर करून विचारलं, "काका, तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा दिवाळी कशी करायचात?"

काकांनी बशी बाजूला सारली. म्हणाले, "एका बेसमेंटमध्ये. आम्ही नाचायचो. टेपवर गाणी लावून."

"काका, तुम्ही नाचायचे?" नागपूरचा मुलगा म्हणाला.

"अरे, मी बरा नाचायचो."

मुलाला हसू आलं. मग तोच हळूच म्हणाला की त्याची आई नाट्यसंगीत गायची आणि पदं त्यालाही येतात, फक्त इथे कोणी विचारलं नाही. पुढचं मला फारसं करावंच लागलं नाही. आधी मैफल, त्यात त्या मुलाची दोन पदं, मग ऑर्केस्ट्रा. काकांनीच विचारलं, "झालं ना आता? भात गार होतोय."

जेवताना आजोबांनी जिलबी तीनदा मागून घेतली. स्वतःसाठी त्यांनी कसलाच नियम ठेवला नव्हता.

दिवाळीचा कार्यक्रम छान झाला. मुलाचा आवाज दुसऱ्या पदाला चिरकला, तरी काकांनी पहिल्या रांगेतून दाद दिली. ऑर्केस्ट्राच्या वेळी काका खरंच नाचले आणि काकूंनी तोंडाला पदर लावला. आजोबा काठीने ठेका धरून बसले होते. पुढच्या वर्षी मंडळाने मला अध्यक्ष केलं. दोन्ही गटांना मी अर्धी दुसऱ्या गटाची वाटायचे, म्हणजे अर्धी आपलीही, त्यामुळे कोणाचाच विरोध नव्हता. आजोबांच्या मते राजकारणात याहून भक्कम जागा नसते.

एका हिवाळ्यात ते आलेच नाहीत. मी काळजीने त्यांच्या मुलीला विचारलं, तर त्या हसत सुटल्या. गावच्या निवडणुकीत पक्षाने मानासाठी म्हणून आजोबांचं नाव उमेदवारांच्या यादीत अगदी तळाशी घातलं होतं. तळाचा माणूस निवडून येत नाही, ही तिथली रीत. पण गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर त्यांच्याच नावापुढे भराभर खुणा केल्या आणि ते कौन्सिलवर गेले.

मी अभिनंदनाचा फोन केला. "आजोबा, आता या वयात काय करणार?"

"आजोबा बोलतोय," ते म्हणाले, "पण लवकर बोला. बैठक आहे. कारखान्यापुढचा रस्ता पुन्हा खराब झालाय आणि कौन्सिलवाल्यांना वाटतंय, पैसे नाहीत म्हटलं की मी ऐकून घेईन."