सापाला ऊब हवी होती

लेकीची किंकाळी ऐकून मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. कित्येक आठवड्यांत तिचा एवढा मोठा आवाज घरात ऐकू आला नव्हता. ती सापाच्या काचेच्या पेटीपुढे गुडघ्यांवर बसली होती आणि साप तिच्या हातांत होता. "आई, ही इज बर्न्ट! ही इज बर्न्ट!" एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

मी पेटीच्या तळाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. सापाला ऊब देणारी खालची हीट मॅट तव्यासारखी तापली होती. ती ठरावीक उष्णतेला बंद व्हावी म्हणून बसवलेला थर्मोस्टॅट शेजारीच भिंतीवर होता. त्याच्या पडद्यावर आम्ही लावून ठेवलेलं एकतीस हिरव्या आकड्यांत दिसत होतं. सगळं काही ठीक असल्यासारखं.

नारिंगी पट्ट्यांचा, बिनविषारी, मनगटाभोवती दोन वेढे घेईल एवढा तो साप. माझं त्याच्यावर प्रेम वगैरे नव्हतं. पण त्या दिवसांत माझी पोरगी कोणाशी बोलत असेल तर फक्त त्याच्याशी. वर्गाच्या ग्रुपवर मुलींनी तिचा एक व्हिडिओ फिरवला होता, तिच्या बोलण्याची नक्कल करून. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. आधी पोट दुखायचं, मग डोकं, मग काही सांगणंच बंद झालं. समुपदेशक झाल्या, रागावून झालं, हातापाया पडून झालं. ताट दाराशी ठेवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं, असं आमचं चाललं होतं. दाराआडून सापाशी हळू आवाजात बोलणं ऐकू आलं की मला जरा श्वास घेता यायचा.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटा धरून पाहिलं. पोटाचे खवले लाल झाले होते, दोन ठिकाणी फोड होते. त्यांनी मलम दिलं, पेटीत भुशाऐवजी साधे कागद घालायला सांगितलं. मग म्हणाले, "ऊब मिळाली नाही तर जखम भरणार नाही, अन्नही पचणार नाही. आणि पुन्हा असं तापलं तर तो वाचणार नाही. भरवशाचा थर्मोस्टॅट बघा."

भरवशाचा म्हणजे कोणता, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या इमारतीत एसी मध्यवर्ती आहे, आपल्या हातात बंद करणं नाही. बाहेर उन्हात गाडीचं दार धरवत नव्हतं आणि आत लेकीच्या खोलीत आम्ही एसीच्या झडपेवर पुठ्ठा चिकटवत होतो. मॅटऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवायच्या, निवल्या की बदलायच्या. ती त्या कोंदट खोलीत घामाने निथळत बसून राहायची. साप कोपऱ्यात पडून असायचा. उंदराचं पिल्लू समोर धरलं तरी तोंड फिरवायचा.

माझं कामच मुळी खरेदीचं. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीसाठी मी व्हॉल्व्ह आणि गेज मागवते. कोटेशन लावून बघायची, स्पेसिफिकेशन तपासायचं, सप्लायरला धारेवर धरायचं. आणि ऑफिसात बसून एका सापासाठी मला एक उपकरण निवडता येत नव्हतं. इंटरनेटवर जे पाहावं त्याखाली एक जण लिहायचा की वर्षानुवर्षं वापरतोय, आणि दुसरा लिहायचा की साप मेला. सहकारी हसायच्या. "दुबईत हीटर? हबीबी, खिडकी उघड ना!" मीही हसायचे आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

एक नवा मागवला. रिकाम्या पेटीत लावून शेजारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवला. पडद्यावर तीस, थर्मामीटरवर सदतीस, आणि तो चढतच होता. मी वायर उपटली. लेक दारात उभी होती. ती आपल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

मी रुवैसला नवऱ्याला फोन लावला. तो तिथल्या रिफायनरीत आहे, सुट्टीलाच घरी येतो.

"अगं, देऊन टाक ना तो साप दुकानात," तो म्हणाला. "शाळेचं बघायचं सोडून हे काय चाललंय तुमचं?"

"साप मेला तर ती दार उघडणार नाही रे," मी ओरडले. "कळतंय का तुला? मला साप नकोय. मला माझी पोरगी हवीय!"

मग वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं, "मॅट तापत राहिली तेव्हा थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे होता?"

मी पाहून आले होते. सेन्सरची टेप सुटून तो मॅटवरून घसरला होता. यंत्र खोलीची थंड हवा मोजत होतं आणि मॅट तापवत होतं.

"मग ते यंत्र त्याच्या मते बरोबरच होतं," तो म्हणाला. "आमच्याकडे एकट्या कंट्रोलरवर कोणी विसंबत नाही. एक चालवायला असतो, आणि तो चुकला तर सगळी वीज तोडायला दुसरा, वेगळ्या सेन्सरवर. मी येतो."

सुट्टी बदलून तो आला. लेकीच्या दारावर टकटक केली. शाळेचं नाव काढलं नाही. "मला सापांतलं काही कळत नाही," तो दाराशीच बोलला. "थर्मोस्टॅटमधलं थोडं कळतं. दुकानात जातोय. तू आलीस तर बरं होईल."

आम्ही दोघं हॉलमध्ये उभे राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, ती येणार नाही अशी मी मान हलवली. तो बूट घालू लागला, तेव्हा कडी वाजली. ती बाहेर आली, हुडी डोक्यावर ओढून, माझ्याकडे न बघता.

आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने तीन खोकी पुढे केली. "ऑल गुड, सर. बेस्ट क्वालिटी."

नवरा बोलणार, इतक्यात ती म्हणाली, "इफ द सेन्सर कम्स आउट, डझ इट स्विच ऑफ? ऑर डझ इट कीप हीटिंग?" आवाज बसलेला होता.

दुकानदाराला ठाऊक नव्हतं. आधी "नो ट्रायल" म्हणाला, पण ती हलेना. शेवटी त्याने एक दिवा आणून पहिल्या थर्मोस्टॅटला जोडला. तिने सेन्सरची पिन उपटली. दिवा जळतच राहिला. दुसऱ्याचंही तेच. मला वाटलं आता ही पळणार. तिसऱ्याची पिन उपटली आणि दिवा विझला, यंत्र टीं टीं ओरडू लागलं.

"धिस वन," ती म्हणाली. "टू ऑफ दीज."

घरी बापलेक जमिनीवर बसले. ग्लासातल्या कोमट पाण्यात दोन्ही सेन्सर आणि थर्मामीटर एकत्र बुडवून त्यांनी आकडे जुळवले. एक चालवायला, दुसरा थोडा वरच्या आकड्यावर, तोडायला. सेन्सर असे बांधले की ओढूनही सुटू नयेत. सापाला आत ठेवण्याआधी पेटी दिवसभर रिकामी चालवून पाहिली. ती सारखी आकडे सांगत होती, तो "हं" म्हणत होता.

साप लगेच काही खाईना. कातही तुकड्यातुकड्यांनी निघाली, पोटावरची जुनी त्वचा अडकून बसली. ती ओल्या कपड्याने हलक्या हाताने सोडवत राहायची. आपण उशीर केला, असं मला रोज वाटायचं. दोनदा तर तो मेलाय असं समजून मी तिला हाक मारायला घाबरले. मग एका दुपारी त्याने पिल्लू गिळलं. तिने मला फोटो पाठवला, शेजारच्याच खोलीतून. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्या शाळेत ती परत गेली नाही. आम्ही दुसरी शोधली. तिथेही पहिले दिवस ती गाडीतून उतरायची नाही, मी इंजिन चालू ठेवून शेजारी बसून राहायचे. कधी उतरायची, कधी आम्ही तशाच घरी परत यायचो. सापाच्या पोटावर दोन पांढरट डाग राहिलेत. त्याला हात लावायची मला अजून भीती वाटते, पण ती शाळेत असली की पेटीवरचा आकडा मी बघते आणि तिला मेसेज करून कळवते.